कंपाउंडवरची जांभळी वेल ओळखायची आहे (ठाणे, घोडबंदर रोड)

ओवळा_नाका

सोसायटीच्या मागच्या भिंतीवर ही वेल आहे. भिंत सात फुटी, वर लोखंडी ग्रिल, कोपऱ्यात गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप. कोणी लावली, कधी लावली, कुणालाच सांगता येत नाही. दसऱ्यापासून जोरात फुलली आहे. कर्ण्यासारखी फुलं, पाच पाकळ्या, काही गडद जांभळी, काही निळसर, काही जवळजवळ पांढरी. तोंडाशी साधारण ६-७ सेंमी.

दिवाळीनंतर भिंतीचं रंगकाम आहे आणि कमिटी सगळं साफ करायच्या विचारात आहे. ठेवण्यासारखी वेल असेल तर आत्ताच सांगायला हवं. तीन फोटो जोडले आहेत, पण रस्त्यावरून काढलेले आहेत.

मोबाइलमाळी

गूगल लेन्सने पहिल्या फोटोला लसूणवेल म्हटलं, दुसऱ्याला मॉर्निंग ग्लोरी आणि तिसऱ्याला पेटुनिया. सात फूट चढणारा पेटुनिया असेल तर मलाही एक फांदी द्या.

कुंडीराणी

लसूणवेलच. एकाच घोसात तीन रंग म्हणजे दुसरं काय असणार? फूल उमलताना गडद, मग फिकट, शेवटी पांढरट. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा बहरही जुळतो.

पानवाचक

जुळतं, पण एवढ्यावर शिक्कामोर्तब नको. आपल्याकडे बागेत लावतात अशा जांभळ्या कर्ण्याच्या वेली निदान सहा-सात आहेत आणि रस्त्यावरून पाहिलं तर सगळ्या बहिणी-बहिणी वाटतात. त्यात रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा. फुलाचं वय, सावली, ऊन यांनी तो बदलतो आणि मोबाइलचा कॅमेरा तर जांभळ्याचा सर्रास निळा करून टाकतो. लेन्सने तीन फोटोंना तीन नावं दिली ती उगाच नाही. त्याला फक्त फूल दिसतंय, पान दिसतच नाही.

ओवळा_नाका, फुलासकट फूटभर फांदी कापून टेबलावर आणा आणि एवढं पाहून सांगा.

पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? एकाआड एक असतील तर मॉर्निंग ग्लोरीच्या कुळाकडे जायचं. समोरासमोर असतील तर ते कूळ तिथेच बाद.

पान साधं की संयुक्त? इथे भलेभले चकतात. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो त्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो, नवी फांदी तिथून फुटते. डोळा जिथे, तिथून एक पान मोजायचं. तुम्हाला दोन पाती दिसताहेत पण प्रत्येकीच्या बुडाशी डोळा नाही, दोघींच्या सामाईक देठाच्या बुडाशी एकच आहे, तर ते दोन पर्णिकांचं मिळून एक पान.

ताणा आहे का? दोन पर्णिकांच्या मधोमध, तिसरी पर्णिका असायला हवी त्या जागी, तारेसारखा निघतो. बऱ्याचदा गळून गेलेला असतो, मग तिथे फक्त टोचल्यासारखा वण राहतो. एकच पान बघून "ताणा नाही" म्हणू नका, शेंड्याकडची दहा पानं बघा.

देठ मोडल्यावर पांढरा चीक येतो का? आला तर कण्हेरीच्या कुळातली मंडळी. त्यात रबरवेलीची फुलं अशीच फिकट जांभळ्या कर्ण्याची असतात आणि ती विषारी आहे. हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका. आणि कुठलीही अनोळखी वेल चव घेऊन ओळखायच्या फंदात पडू नका.

फूल ब्लेडने उभं चिरून पुंकेसर मोजा. चार असतील, दोन लांब नि दोन आखूड, तर एक दिशा. पाच असतील तर दुसरी.

शेवटचं, आणि मला यावर सर्वात जास्त भरवसा आहे: फूल हलकेच ओढून काढा. देठावर काय उरतं? त्याचा जवळून फोटो टाका. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिमी असतं, मापाचा अंदाज येतो. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. ऊन थेट नको, सावलीत काढा.

ओवळा_नाका

दोन ठिकाणच्या फांद्या कापल्या, एक ग्रिलवरची, एक पाइपाजवळची. उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

पानं दोन्हीकडे समोरासमोर. चीक नाही. पुंकेसर दोन्हीत चार, दोन लांब, दोन आखूड. इथवर ठीक.

ग्रिलवरची: पाती गुळगुळीत, चकचकीत, कडा सरळ, दोन-दोनच्या जोडीने. बेचक्यातला डोळा जोडीला एकच. एका पानात मधोमध ताणा सापडला. चुरगळल्यावर लसणाचा वास, चांगला उग्र.

पाइपाजवळची: लांब देठाचं एकेक पान, बुडाशी बदामाच्या आकाराचं, कडेला वेडेवाकडे कोन आणि दाते, हाताला खरखरीत. ताणा नाही. वास साध्या पाल्याचा. कोवळ्या आणि जून पानांत इतका फरक पडतो का?

फूल ओढल्यावर पहिल्या फांदीवर लहानशी हिरवी वाटी राहिली, काठ कात्रीने कापल्यासारखा. दुसरीवर दोन हिरव्या टोप्या राहिल्या, चोचीसारख्या मिटलेल्या. फोटो ४ ते ९.

पानवाचक

जून-कोवळ्याचा प्रश्न नाही. तुमच्या भिंतीवर दोन वेली आहेत.

ग्रिलवरची लसूणवेल, मन्सोआ अलियासिया. कुंडीराणींचा अंदाज तिच्यापुरता अचूक. दोन पर्णिका, मधला ताणा, वास आणि सपाट काठाची वाटी, चारही खुणा पटल्या. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, कूळ बिग्नोनियाचं.

पाइपावरची निळी थनबर्जिया, थनबर्जिया ग्रँडिफ्लोरा. ही ईशान्य भारत, म्यानमार या पट्ट्यातली, कूळ अडुळसा-कोरांटीचं. त्या दोन टोप्या म्हणजे छदं, फुलाच्या बुडाशी येणारी पानासारखी आवरणं. फोटो ८ पुन्हा बघा आणि जमलं तर एक टोपी नखाने उचला: आत एक बारीक चिकट कडं दिसेल, निदलं (कळीला झाकणारं बाहेरचं हिरवं आवरण) नावापुरती तेवढीच उरलेली आहेत. लसूणवेलीची वाटी हीच खरी निदलं, थनबर्जियात ते काम टोप्या करतात. ही खूण फूल गळून गेल्यावरही काही दिवस देठावर राहते, म्हणून बहर संपल्यावर वेल ओळखायची वेळ आली तरी कामाला येते.

फुलं चिरूनही फरक का कळला नाही, तर दोन्ही वेलींत दोन लांब नि दोन आखूड अशा चार पुंकेसरांची ठेवण असते, पाकळ्या पाच आणि नळी घंटेसारखी. घसा मात्र वेगळा: थनबर्जियाचा आतून पिवळसर, लसूणवेलीचा पांढुरका. गडद जांभळी ते पांढरी ही सगळी लसूणवेलीची, तुम्ही निळसर म्हणता ती थनबर्जियाची.

आता कुठली फांदी कोणाची हे शोधून ठेवा, कारण साफसफाईच्या दिवशी ते कोणी बघत बसणार नाही. वरच्या फुलापासून सुरुवात करा, फांदी धरून हळूहळू खाली या, दर दोन फुटांवर लोकर बांधा. लसूणवेलीला लाल, थनबर्जियाला पांढरी. पानं नसलेल्या भागात कोवळं खोड चिमटीत फिरवून बघा, थनबर्जियाचं चौकोनी लागतं. शिवाय ती स्वतःच्या खोडाने पीळ घालत चढते, लसूणवेल ताण्यांनी धरते. पाइपाला विळखा घालणारं जे काही असेल ते थनबर्जियाच.

मोबाइलमाळी

म्हणजे लेन्सचं एक तृतीयांश बरोबर होतं.

खारघर_टेकडी

ओळख पटली आहेच, पण पुढे कुणी हा धागा शोधत येईल त्याच्यासाठी दोन-तीन सारख्या दिसणाऱ्या वेलींची भर.

सारितिया मॅग्निफिका. हिचीही पानं दोन पर्णिकांची आणि मधे ताणा, त्यामुळे लसूणवेल म्हणून खपते. पर्णिका देठाकडे निमुळती, टोकाकडे रुंद आणि बोथट असते. पेराशी लहान पानांसारख्या दोन गोलसर चकत्या असतात. फुलात किरमिजी झाक जास्त आणि चुरगळल्यावर लसणाचा वास अजिबात नाही.

क्लायटोस्टोमा, म्हणजे आताची बिग्नोनिया कॅलिस्टेजिऑइड्स. फिकट जांभळ्या पाकळ्यांवर गडद शिरांची जाळी आणि फळ काटेरी.

थनबर्जिया लॉरिफोलिया. फूल निळ्या थनबर्जियासारखंच, टोप्याही तशाच. पान लांबट, गुळगुळीत, निमुळत्या टोकाचं. तुमचं खरखरीत आणि कोनाकोनांचं आहे म्हणून ग्रँडिफ्लोराच.

नर्सरीत नुसतं "बिग्नोनिया द्या" म्हणालात तर काहीही हाती पडेल. या कुळातल्या कितीतरी वेली कधी ना कधी बिग्नोनिया याच नावाखाली होत्या. पान चुरगळून वास घेतल्याशिवाय लसूणवेलीचे पैसे देऊ नका.

वासाची एक काळजी. एका पानाचा वास बोटांना राहतो आणि पुढचं पानही लसणाचं वाटतं. मधे हात धुवा. पान कोवळं, धूळ पुसलेलं आणि तीन घड्या घालून चुरगळलेलं असावं.

नेरूळ_पूर्व

याच धाग्यात विचारते. खाडीच्या बाजूच्या तारेच्या कुंपणावर हाताच्या पंजासारख्या पानांची जांभळी वेल आहे, पाच बोटं. बारा महिने फुलते. तीही थनबर्जिया का?

पानवाचक

नाही. पाच बोटांचं पान, एकाआड एक मांडणी, घशात गडद जांभळा, कळी छत्रीसारखी पिळलेली आणि फूल दिवसाभरात मिटणारं: रेल्वे क्रीपर, आयपोमिया कैरिका. रुळांच्या कडेच्या कुंपणांवर असते तीच. बाल्कनीत आणू नका, पेराला माती लागली की मुळं धरते.

ओवळा_नाका

सगळ्यांचे आभार, लोकर बांधली. पांढरी लाल रंगापेक्षा दुप्पट लागली. थनबर्जियाचं बूड पाइपाच्या पायथ्याशी आहे, मनगटाएवढं. तिथून ती पाइपावर, मग ग्रिलवर आणि लसूणवेलीच्या डोक्यावरून पलीकडच्या एसीच्या युनिटपर्यंत गेली आहे. लसूणवेलीचं बूड सहा-सात फुटांवर. दोन्ही ठेवता येतील का?

कुंडीराणी

माझं मत: ठेवा. थनबर्जियावर मोठे काळे भुंगे येतात, फुलात घुसले की पाठीला परागकण लागूनच बाहेर पडतात. सोसायट्यांच्या आवारात आधीच सगळीकडे पाम आणि क्रोटन. दोन वेली फुलताहेत तर फुलू द्या.

खुरपं

मोकळ्या आवारात मजबूत मांडवावर असती तर मीही हेच म्हटलं असतं. पाण्याच्या पाइपावर नको. पीळ घालत चढणारी वेल दरवर्षी खोडाने जाड होते आणि पीव्हीसीचा सांधा ढिला करते. पाइप भिंतीला धरणारे क्लॅम्प वेलीचं वजन पेलण्यासाठी नसतात. त्यात ठाण्याचा अडीच हजार मिलीमीटरच्या आसपासचा पाऊस. भिजलेल्या पाल्याचा तो भार जुलैच्या वाऱ्यात ग्रिलवर येतो. एसीच्या युनिटवर गेली असेल तर तिथली हवा कोंडते, ते वेगळंच.

लसूणवेलीला ऊन मिळेना हा दुसरा मुद्दा. तिला रोज निदान पाच-सहा तास ऊन हवं. वर थनबर्जियाचं छत झालं की ती नुसती पानं काढत बसते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ही थनबर्जिया उपद्रवी तण ठरली आहे. तिथे ती झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाऊन त्यांना झाकून टाकते.

पानवाचक

खुरपंशी सहमत. भुंग्यांची सोय लसूणवेल काही प्रमाणात करतेच. आणि थनबर्जियाची इथली बहीण हवी असेल तर पावसाळ्यात सह्याद्रीत पांढरी थनबर्जिया फ्रॅग्रन्स फुलते, नाजूक असते, पाइप मोडत नाही. जंगलातून उपटून मात्र आणायची नाही. येऊरमधून तर नाहीच, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

ओवळा_नाका

मग थनबर्जिया काढायची ठरवतो. लसूणवेलीला धक्का न लावता कशी काढायची? कमिटीचा माणूस म्हणतो, खेचून काढू, नाहीतर बुडात मीठ किंवा ॲसिड ओतू.

खुरपं

खेचायची नाही. दोन्ही एकमेकींत गुंतल्या आहेत. थनबर्जिया खेचली की लसूणवेलीच्या येत्या बहराच्या फांद्या तिच्याबरोबर खाली येतील, ग्रिलचा एखादा जोडही येईल. मीठ, ॲसिड, रॉकेल यांतलं काहीही नको. ते मातीत पसरतं आणि सहा फुटांवरची लसूणवेल त्यात आधी जाते. मीठ भिंतीच्या पायालाही चांगलं नाही. तणनाशकाची फवारणीही इथे नको, पानं एकमेकांत मिसळलेली असताना थेंब कुठे पडेल याची खात्री नाही.

असं करा. थनबर्जियाचं खोड जमिनीपासून फूटभर उंचीवर करवतीने कापा. मग त्याच खोडावर आणखी फूटभर वर दुसरा छेद द्या आणि मधला तुकडा काढून टाका, म्हणजे वरचा भाग खालच्याला टेकणार नाही. जिथे जिथे पेरातून जमिनीत मुळं गेली आहेत तिथेही कापा. भिंतीच्या बुडाशी पालापाचोळा हटवून नीट बघा, अशा दोन-तीन जागा हमखास सापडतात. आता दोन आठवडे हात लावू नका. थनबर्जिया पिवळी पडून वाळेल, लसूणवेल हिरवी राहील, आणि लोकर सुटली असली तरी कुठलं काय हे लांबून दिसेल.

वाळल्यावर वरून खाली नाही, आडवे तुकडे करत काढा. हातभर लांबीचे. पीळ उलगडायच्या नादी लागू नका, प्रत्येक विळखा दोन ठिकाणी कापला की आपोआप गळतो. पाइपावर कोयता चालवू नका, छाटणीची कात्री वापरा.

खरं काम जमिनीखाली आहे. या वेलीला कंदासारखी फुगलेली मुळं असतात आणि वरून कितीही कापली तरी तिथून ती फुटत राहते. आदल्या संध्याकाळी दोन-तीन बादल्या पाणी घालून माती मऊ करा. बुडाभोवती दीड फूट अंतरावरून पहार घालत आत या. थेट बुडाशी पहार मारली तर कंदाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटू शकतो. पाइपाच्या बाजूने मात्र पहार नको, तिथे चेंबरला जाणारी जोडणी असते. त्या बाजूला खुरप्याने आणि हाताने उकरा. सगळा कंद निघेल असं गृहीत धरू नका. पुढे वर्षभर दर पंधरा दिवसांनी चक्कर मारा आणि जो कोंब दिसेल तो वीतभर व्हायच्या आत मुळाकडून मोडा. पानं करू दिली की कंद पुन्हा पोसला जातो. पानंच मिळाली नाहीत तर तो थकतो. पहिल्या पावसानंतरच्या महिन्यात चक्कर अजिबात चुकवू नका.

कचऱ्याचं: हिरवे तुकडे आणि कंद नाल्यात, डोंगराच्या कडेला किंवा सोसायटीच्या कंपोस्टमध्ये टाकायचे नाहीत. ओल लागली की पेरं रुजतात. ताडपत्रीवर किंवा सिमेंटवर कडकडीत वाळवा, वाकवल्यावर काडकन मोडले पाहिजेत, मग ओल्या कचऱ्याबरोबर द्या.

ओवळा_नाका

हे छापून कमिटीला देतो. लसूणवेलीचं रंगकामात काय करू? तिचा बहर अजून चालू आहे.

कुंडीराणी

बहर संपेपर्यंत रंगारी थांबवा, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. मग छाटा, तीच छाटणीची योग्य वेळही आहे. फुलं नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे बहर ओसरला की लगेच छाटली तर पुढच्या बहराला भरपूर फांद्या मिळतात. बहुतेक ठिकाणी हिवाळा सरताना आणखी एक लहान बहर येतो. पाऊस संपता संपता, म्हणजे सप्टेंबरात, कुणी "जरा आकार देऊ" म्हणून कात्री चालवली की कळ्या धरणारे शेंडे जातात आणि मग दसऱ्याला लोक विचारतात, यंदा वेल का नाही फुलली.

दोन-अडीच फुटांवर चार-पाच जाड फांद्या ठेवून बाकी उतरवा. उरलेल्या सुतळीने एकत्र बांधून भिंतीपासून लांब ओढून ठेवा, वर जुनी चादर टाका, प्लास्टिक नको, आत उकडून पानं जळतात. रंगाच्या आधी भिंत घासतात तेव्हा पडणारी चुन्या-सिमेंटची भुकटी बुडातून झाडून काढा.

आणि रंगारी यायच्या आधी विमा म्हणून छाट कलमं करून ठेवा. छाटलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, ना कोवळ्या ना पूर्ण लाकूड झालेल्या, ६-८ इंचांच्या कांड्या घ्या, प्रत्येकीत तीन पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका, वरचा पेराच्या बोटभर वर सरळ, म्हणजे उलटसुलट होणार नाही. खालची पानं काढा, वरच्या जोडीची निम्मी पाती कापा. मूळ फुटण्याची पावडर असेल तर खालचं टोक बुडवून झटका. अर्धी बारीक रेती, अर्धं कोकोपीट, दोन पेरं आत. ओलं असावं पण मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये. पाण्याची बाटली बुडाशी कापून वर पालथी घाला, झाकण उघडं ठेवा, जागा उजेडाची पण उन्हाची नको. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वरचा डोळा फुटला म्हणजे मूळ आलं असं नाही. कांडीतल्या साठ्यावरही पानं येतात. हलकं ओढल्यावर कांडी अडली पाहिजे. दहा-बारा लावा, निम्मी लागली तरी पुरे. जून-जुलैत याहून चांगली लागतात, पण इथे थांबायला वेळ नाही.

खारघर_टेकडी

रंगानंतर ग्रिलवर थेट सोडू नका. भिंतीपासून १०-१५ सेंमी अंतर राहील असे खुंटे ठोकून त्यावर आडव्या तारा ओढा, फूट-फूट अंतरावर. लसूणवेलीचे ताणे बारीक तार पटकन धरतात, दोन इंची पाइप त्यांच्या कवेत येत नाही, तिथे सुतळीच बांधावी लागते. मागे मोकळी जागा राहिली तर भिंतीचा ओलावा सुकतो आणि पुढच्या रंगाला वेल अख्खी पुढे झुकवता येते. आमच्या बाजूला खाडीच्या खाऱ्या हवेत साधी लोखंडी तार लवकर गंजते. स्टेनलेस किंवा प्लास्टिकचं वेष्टण असलेली घ्या.

ओवळा_नाका

अजून एक. लसूणवेलीवर मुंग्यांची रांग आहे, कळ्यांपाशी जास्त. कीड आहे का? खत काय द्यावं?

पानवाचक

आधी पानं उलटून बघा. पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस, खवले किंवा पानांवर काजळी दिसली तरच कीड. काही नसेल तर मुंग्या मधासाठी आल्या आहेत. बिग्नोनिया कुळात फुलाबाहेर, पानांवर आणि कळीच्या वाटीवरही मधाचे बारीक ठिपके असतात. भिंगाने पाहिलंत तर वाटीवर दिसतील. त्या मुंग्या अळ्यांना हुसकतात. त्यांच्यावर फवारणी म्हणजे आपलाच राखणदार हाकलणं.

पिठ्या ढेकूण असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली द्रवसाबण, आधी साबण पाण्यात, मग तेल, नीट घुसळून. संध्याकाळी, पानांच्या खालून, आठवड्याने पुन्हा. उघड्या फुलांवर नको.

कुंडीराणी

खताचा हात आखडता ठेवा. युरिया किंवा ताजं शेणखत पडलं की पानांचा डोंगर, फुलं नाहीत. छाटणीनंतर दोन ओंजळी मुरलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, मूठभर हाडांची पूड, बुडापासून हातभर लांब आळ्यात मिसळा. बस. कळ्या दिसू लागल्या की खत बंद.

ओवळा_नाका

कमिटीने मान्य केलं. लसूणवेल राहणार, थनबर्जिया जाणार, पाइपाचे क्लॅम्प बदलणार. रंगाऱ्याला डिसेंबरची तारीख दिली.

नेरूळ_पूर्व

थनबर्जियाची फांदी मिळेल का? गच्चीवर ड्रममध्ये लावेन, जमिनीत नाही.

खुरपं

मिळेल, पण ड्रम निदान पन्नास लिटरचा घ्या आणि स्लॅबवर थेट ठेवू नका. चार विटांवर ठेवा, खाली थाळी. भोकातून मूळ बाहेर आलं की ते गच्चीच्या टाइल्सच्या फटी शोधतं, आणि वॉटरप्रूफिंगमध्ये शिरलेलं मूळ काढण्यापेक्षा ड्रम महिन्यातून एकदा थोडा फिरवणं सोपं. स्वतंत्र लोखंडी चौकट द्या, टाकीच्या पाइपापासून लांब. दर छाटणीचा कचरा वाळवूनच खाली पाठवा.

नेरूळ_पूर्व

चालेल. विटा आहेत.